ओसरीवर येणारी लेकरे

शास्त्रपाठ : मार्क ५:२२–२४, ३५–४३ आणि १०:१३–१६.
घरी वाचण्यासाठी : १ शमुवेल ३:१–१८, मत्तय ११:१६–१७, प्रेषितांची कृत्ये २३:१६–२४.
पाठाचा हेतू : शेजारची जी मुले न बोलावता आपल्या दारी येतात, त्यांची खरी ओळख कशी करून घ्यावी आणि ती ओळख त्यांच्या आईबापांच्या घरापर्यंत कशी न्यावी, हे समजून घेणे.



छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील आपल्या खेड्यांत दिवस कलला की उपदेशकाच्या किंवा शाळामास्तरांच्या ओसरीवर मुले जमू लागतात. त्यांतली काही आपल्या मंडळीची असतात, परंतु पुष्कळशी नसतात. कोणी पाटलाच्या वाड्यातले, कोणी बौद्ध कुटुंबातले, कोणी मुसलमान मोहल्ल्यातले, कोणी तांड्यावरचे. त्यांना कोणी आमंत्रण दिलेले नसते. ती येतात, पायरीवर बसतात, घटकाभर थांबतात आणि निघून जातात. शब्बाथशाळेच्या पटावर त्यांची नावे नसतात, व वार्षिक अहवालात त्यांना जागा नसते. म्हणून बहुधा आपण त्यांना एक तर हाकलून लावतो, नाही तर लगेच रांगेत बसवून काहीतरी शिकवू लागतो. ह्या दोन्ही गोष्टींपूर्वी एक तिसरी गोष्ट करावयाची असते, ती म्हणजे ओळख. आजचा पाठ त्याविषयी आहे.

१. प्रभूने काय केले व काय केले नाही

मार्काच्या दहाव्या अध्यायातील गोष्ट आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा वाचली जाते की तिच्यातील बारीक गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात. पहिली गोष्ट ही की, ती बालके आपण होऊन आली नव्हती, त्यांना कोणीतरी आणले होते. म्हणजे त्या लेकरांना त्यांची माणसे होती, आणि ती माणसे तेथे उभी होती. दुसरी गोष्ट, शिष्यांनी जो अडथळा केला तो दुष्टपणाने केला असे दिसत नाही. गुरुजी कामात आहेत, मोठ्यांचे बोलणे चालले आहे, अशा वेळी पोरांची गर्दी नको, हा शहाण्या माणसाचा विचार होता. त्या शहाणपणाचाच प्रभूला राग आला. तिसरी गोष्ट, प्रभूने त्या बालकांना जवळ घेतले, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. त्यांची परीक्षा घेतली नाही, त्यांना पाठांतर विचारले नाही, ती किती होती हे कोणी मोजून ठेवले नाही. शुभवर्तमानात पाच हजारांची संख्या आहे, भाकरींची आहे, टोपल्यांची आहे, परंतु ह्या बालकांची नाही.

उपदेशकाने आपल्या रोजनिशीत आज किती मुले आली हे लिहिण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

२. लेकरू का आले हे आधी पाहावे

मूल विनाकारण कोणाच्या दारी येत नाही, परंतु ते कारण सांगतही नाही. आश्विन-कार्तिकात कापूस वेचणीला गेलेली आई अंधार पडेपर्यंत घरी येत नाही, तेव्हा कुलूप लावलेल्या घरापुढे बसण्यापेक्षा दिवा असलेली ओसरी बरी वाटते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडा घेऊन उभी असलेली मुलगी सावलीसाठी आत येते. कोणाला आपल्याकडील चित्रांचे पुस्तक आवडते, तर कोणाला फक्त आपले कुत्रे. कोणी घरी मार बसेल ह्या भयाने येऊन बसलेले असते. आणि कोणी नुसते भुकेले असते.

दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हा तर वेगळाच विषय आहे. काही आईबापांबरोबर फडावर जातात व त्यांची शाळा सुटते. काही आजीआजोबांपाशी मागे राहतात व पाडव्याच्या सुमारास आईबाप परत येईपर्यंत कोणाच्या तरी ओसरीवर आपली जागा शोधतात. अशा मुलाला आपण उपदेशाचे चार शब्द ऐकवले आणि त्याची आई सध्या कोठे आहे हे विचारले नाही, तर आपण त्याला भेटलो असे म्हणता येणार नाही.

ह्यासाठी पहिल्या आठ-पंधरा दिवसांत काहीही न शिकवता केवळ पाहावे. कोण केव्हा येते, कोणाबरोबर येते, कोण नेहमी शेवटी घरी जाते, कोण कधीच बोलत नाही. जे मूल शेवटी जाते त्याच्याकडे अधिक लक्ष असावे.

३. नाव

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे आपण योहानाच्या दहाव्या अध्यायात वाचतो. परंतु गावातील मुलांना आपण बहुधा नावाने हाक मारीत नाही. अमक्याचा पोरगा, तमक्याची पोरगी, अथवा अंगातील उणिवेवरून पडलेले टोपणनाव. लंगड्या, काळी, बोबडा असे शब्द सर्व गाव वापरतो म्हणून ते आपल्या ओसरीवर चालू देऊ नयेत. येथे तरी लेकराचे खरे नाव उच्चारले जाते, एवढे जरी त्या मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.

काही वेळा खरे नावच जखमेसारखे असते. आपल्या महाराष्ट्रात मुलगे हवे असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात शासनाने अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे एका समारंभात बदलून दिली. मुलींनी आपली नवी नावे स्वतः निवडावी अशीही व्यवस्था होती. नाव ही लहान गोष्ट असती तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. तेव्हा मुलाला विचारावे, “तुझी आई तुला काय म्हणते?” आणि त्याच नावाने हाक मारावी.

नावाबरोबर बोलीही येते. कन्नड-सोयगावकडे तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात, खानदेशाच्या सीमेवरील मुले अहिराणी बोलतात, शहराच्या आसपासची मुसलमान मुले दखनी उर्दू बोलतात. आपली पुस्तकी मराठी ऐकून ती गप्प बसली तर ती मठ्ठ आहेत असे समजू नये. प्रभूने याईराच्या कन्येला हाक मारली ती तिच्या घरच्या अरामी बोलीत, आणि ग्रीक भाषेत लिहीत असतानाही मार्काने ते शब्द जसेच्या तसे राखून ठेवले. आपण गोरमाटीतील पाच शब्द शिकलो तर तांड्यावरच्या लेकराला आपली पन्नास वाक्ये ऐकण्याचे बळ येते.

४. ऐकणे

शमुवेल बाळाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मध्यरात्री तो एलीकडे धावत आला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला परत निजावयास पाठविले. दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्या वेळी मात्र एलीला उमगले की, ह्या मुलाच्या येण्यात काही अर्थ आहे. एलीचे डोळे मंद झाले होते व त्याच्या स्वतःच्या घराची स्थिती वाईट होती. तरी त्याने झोपमोड करणाऱ्या पोरावर हात उगारला नाही, आणि सकाळी त्याच पोराच्या तोंडून स्वतःच्या घराण्याविरुद्धचा कठोर निरोप त्याने शांतपणे ऐकून घेतला. मुलाचे ऐकून घेणे म्हणजे काय, हे शिकण्यास ह्याहून चांगला धडा नाही. मूल पहिल्यांदा येते तेव्हा बहुधा भलतेच काहीतरी सांगते. खरी गोष्ट तिसऱ्या वेळी निघते.

दुसरे उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पौलाला ठार मारण्याचा कट त्याच्या बहिणीच्या मुलाने ऐकला व तो रोमी सरदाराला सांगावयास गेला. त्या परधर्मी सरदाराने मुलाचा हात धरला, त्याला एकीकडे नेले आणि काय सांगावयाचे आहे ते विचारले. मग त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर घोडेस्वार व दोनशे भालाईत सिद्ध केले. एका मुलाच्या सांगण्यावर चारशे सत्तर माणसे निघाली! आपल्यापाशी एखादे मूल येऊन म्हणाले की, अमका काका मला त्रास देतो, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा “असे बोलू नये” म्हणून गप्प करतो. त्या रोमी सरदाराची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

५. खेळ

मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू बाजारात खेळणाऱ्या मुलांचा दाखला देतो. पोरे पावा वाजवून लग्नाचा खेळ खेळतात, मग आक्रोश करून प्रेतयात्रेचा खेळ खेळतात, आणि सोबती खेळावयास येत नाहीत म्हणून रुसतात. हा दाखला ज्याने दिला त्याने उभे राहून मुलांचा खेळ पाहिलेला होता.

आपल्याकडेही मुले लग्न खेळतात, भातुकली मांडतात, विटीदांडू, लगोरी, सागरगोटे खेळतात. खेळात जे दिसते ते वर्गात दिसत नाही. कोणाला कधीच डाव मिळत नाही, कोणाला कोणत्या आळीतले म्हणून शिवू दिले जात नाही, कोण हरल्यावर मारामारी करतो, कोण लहान भावंडाला कडेवर घेऊन बाजूला उभी राहते. भातुकलीत बाप झालेला मुलगा दारू प्याल्यासारखा झोकांड्या खात आला, तर त्या घरची हकीकत वेगळी विचारावी लागत नाही. उपदेशकाने खेळात पंच व्हावे, पण फार शिकवू नये. एकच नियम मात्र ठाम असावा, तो हा की, आपल्या अंगणात कोणाच्याही जातीवरून त्याचा डाव बुडणार नाही.

६. लेकरू त्याच्या घरचे आहे

आता ह्या पाठातील मुख्य मुद्द्याकडे येऊ. शुभवर्तमानात प्रभूने ज्या मुलांना बरे केले त्यांचे पुढे काय झाले, हे पाहा. याईराची मुलगी बारा वर्षांची होती. प्रभूने गर्दीला बाहेर काढले, परंतु मुलीच्या आईबापांना तो आपल्याबरोबर आत घेऊन गेला. मुलगी उठल्यावर तिला खावयास द्यावे, असे त्याने तिच्या घरच्यांनाच सांगितले. भूतग्रस्त मुलाला बरे करून त्याने त्याच्या बापाच्या स्वाधीन केले (लूक ९:४२). नाईन गावच्या तरुणाला उठवून त्याच्या विधवा आईच्या हाती दिले (लूक ७:१५). ह्यांपैकी एकालाही त्याने घरापासून तोडून आपल्यामागे नेले नाही. ज्याला मुलांवर सर्वांहून अधिक हक्क होता, त्याने प्रत्येक वेळी मूल परत केले.

आपल्या मिशनच्या इतिहासात ह्या गोष्टीची कठीण परीक्षा झालेली आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारे बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा अज्ञान आहे म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. परंतु प्रकरण तेथे संपले नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावर मोठा वाद माजला. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे ही बाजू घेतली, तेव्हा सनातनी मंडळींनी त्यांना कडवा विरोध केला.

वडीलभाऊ नारायण पुढे पाळक झाला. आपल्या शहराच्या पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरांवर असलेल्या जालन्यास त्याने दीनदलित लोकांत मोठे कार्य केले आणि तेथे बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. त्याच्या निश्चयाविषयी कोणी शंका घेणार नाही, कारण तो जाणता होता व स्वतःच्या पायांवर उभा होता. श्रीपतची गोष्ट तशी नव्हती. बारा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या ओढाताणीत सापडला, आणि बाप, न्यायाधीश, शास्त्री, मिशनरी सर्व त्याच्याविषयी बोलू लागले. ह्या दोन भावांतील अंतर उपदेशकाने कधी विसरू नये.

देशाच्या कायद्यानेही हे अंतर ओळखले आहे. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे शासनमान्य किंवा शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही. आपली ओसरी ही शाळा नव्हे, परंतु जी मर्यादा शाळेला शोभते ती प्रभूच्या सेवकाला अधिकच शोभावी.

ह्यावरून व्यवहारात चार गोष्टी निघतात. पहिली, मूल तीन-चार वेळा आले की आपण त्याच्या घरी जावे. “तुमचे लेकरू आमच्याकडे येते, गुणी आहे, तुमची हरकत नाही ना?” एवढे बोलावे. चहा मिळाला तर प्यावा, न मिळाला तर रागावू नये. दुसरी, आईबापांच्या पाठीमागे मुलाला गीत, प्रार्थना वा वचन शिकवू नये. मुलाने आपण होऊन विचारले, तर खरे उत्तर द्यावे आणि आपण काय सांगितले ते त्याच्या आईबापांनाही सांगावे. आईबाप नको म्हणाले तर त्यांचा मान राखावा, आणि तरीही मुलाला पाणी, सावली व खेळ मिळत राहावा. तिसरी, गोळ्या-बिस्किटे वाटून गर्दी जमवू नये. भुकेल्या मुलाला जेवू घालणे हे प्रेम आहे. खाऊच्या आशेने त्याला बसवून ठेवणे हा सौदा आहे, आणि मुले हा फरक आपल्याहून लवकर ओळखतात. चौथी, दुसऱ्याच्या लेकरांची मोबाईलवर छायाचित्रे काढून ती कोणाला पाठवू नयेत. जे मूल विश्वासाने आपल्या पायरीशी बसले, त्याचे चित्र आपल्या कामाचा पुरावा म्हणून दूरदेशी फिरावे, हे त्याच्या आईला कळले तर काय वाटेल?

कोणी विचारील, मग आमच्या साक्षीचे काय? साक्ष येथेच आहे. ज्या घराचे मूल आपल्याकडून निर्धास्तपणे परत येते, त्या घराचे दार आपल्यासाठी उघडे राहते. आणि ज्या गावाला एकदा संशय आला की हे लोक पोरांना फितवितात, त्या गावात नंतर दहा वर्षे आपले बोलणे कोणी ऐकत नाही. शिवाय आपल्याच मंडळीतील लेकरांना गावातील पोरांशी खेळावयाचे असते. मोठ्यांच्या अविचाराची किंमत तीच देतात.

७. रक्षण

प्रेमाला कुंपण असावे लागते. मुलांशी बसणे ते ओसरीवर, उघड्यावर, चारचौघांच्या दृष्टीस पडेल असे असावे. एकट्या मुलाला बंद खोलीत नेऊ नये, आणि शक्य तेथे दोन वडील माणसे हजर असावीत. उपदेशकाबरोबर त्याची पत्नी किंवा मंडळीतील एखादी वडीलधारी बाई असावी. कोणी आपल्यावर संशय घेऊ नये एवढ्याचसाठी हा नियम नाही. लेकराला निर्भय वाटावे ह्यासाठी तो आहे. मुलाला मारणे हे तर आपल्या अंगणात कधीच घडू नये.

एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर २०१२च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे, म्हणजे पॉक्सो कायद्याप्रमाणे, ज्याला ती माहिती कळली त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. दोषी मनुष्य आपल्या मंडळीतला असला, आप्त असला, किंवा पुढारी असला तरी ह्यात सूट नाही. गोष्ट पंचांत मिटवू नये. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो ओसरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. वाचता येणारी मुले तो आपोआप पाठ करतील.

८. ओळखीतून सेवा

ओळख झाली की काय करावे हे बहुधा मूलच सांगते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्या बाया आपल्या मिशनच्या नव्हत्या, तथापि त्यांच्या कामातून आपण शिकावे. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. मुले का येत नाहीत, हे त्यांनी आधी पाहिले, व नंतर शाळेचा आकार बदलला. आज गावोगावी जी अंगणवाडी आपण पाहतो, तिचे नाव ह्याच विचारातून आलेले आहे, आणि शासनाची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली.

आपल्या हाती एवढे मोठे काम नसेल. पण ऊसतोडीहून परत आलेल्या मुलाला शाळेत पुन्हा बसविण्यासाठी त्याच्या बापाबरोबर मुख्याध्यापकांकडे जाता येते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे त्या बापाला सांगता येते. आजीपाशी राहिलेल्या मुलीला संध्याकाळी दिव्यापाशी अभ्यासाला जागा देता येते. आजारी पडलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करता येते. ज्या लेकराची चौकशी कोणी करीत नाही, त्याच्याकरिता एवढेही थोडे नाही.

चर्चेसाठी प्रश्न

(१) गेल्या आठवड्यात आपल्या ओसरीवर आलेल्या किती मुलांची पूर्ण नावे आपल्याला सांगता येतील? त्यांपैकी किती घरांत आपण गेलो आहो?

(२) याईराच्या घरी प्रभूने आईबापांना आत का नेले असावे? आपण मुलांना शिकविताना त्यांच्या आईबापांना कोठे ठेवतो?

(३) आपल्या अंगणात खेळताना कोणते मूल बाजूला राहते? का?

(४) आपल्या गावातून कोणती कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात? त्यांची मागे राहिलेली मुले सध्या कोणापाशी आहेत?

ह्या आठवड्याचे काम : प्रत्येक उपदेशकाने अथवा शिक्षकाने, जे मूल संध्याकाळी सर्वांच्या शेवटी घरी जाते, त्याच्या घरी एकदा जावे. काही शिकविण्यासाठी नव्हे, भेटण्यासाठी. आणि त्या घरातील प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवून रात्रीच्या प्रार्थनेत ते प्रभूपुढे घ्यावे.